उघडं राहिलेलं रेग्युलेटर

"जालिंदरकाका, तुम्ही यात पडू नका. रिपोर्ट तयार आहे," आमचा सुपरवायझर विजयकुमार म्हणाला.

आखातातल्या अल रय्यानच्या पलीकडे एका सिक्युरिटी कंपनीची फायरिंग रेंज आहे. मी तिथे शिकवतो. शनिवारी मुलांना एअर रायफल, बाकीचे दिवस मोठ्यांना. मुलांना तीच गोष्ट चार वेळा सांगतानाही माझा आवाज चढत नाही. त्या सकाळी पहिल्याच वाक्याला चढला.

आदल्या दिवशी सराव करताना रायफलचा एक्स्ट्रॅक्टर तुटला आणि गरम गॅस गार्ड अश्फाकच्या तोंडावर आला. चष्मा होता म्हणून डोळा वाचला. विजयकुमारच्या रिपोर्टात लिहिलं होतं की शस्त्रांची देखभाल करणाऱ्या आर्मरर धनाजीने साफसफाई नीट केली नाही, त्याला गावी परत पाठवावं. फौजेत पंधरा वर्षं काढलेला, आमच्या फलटणकडचा धनाजी मान खाली घालून उभा होता.

"साफसफाई? नळी आरशासारखी आहे! सायलेन्सर कोणी बसवला?"

"मी. मग?"

"आणि गॅसचं रेग्युलेटर?"

"ते मागच्या आठवड्यापासून पूर्ण उघडंच होतं. धुळीने रायफल अडकत होती. उघडल्यावर मस्त चालली की."

"सायलेन्सर नव्हता म्हणून चालली!"

आरडाओरडा ऐकून रेंजचे प्रमुख महमूद आत आले. "क्या हुआ? आराम से समझाओ."

मी श्वास घेतला आणि हिंदीत सांगितलं. गोळी सुटली की तिच्यामागचा थोडा गॅस नळीच्या बारीक भोकातून मागे येतो आणि बोल्टला ढकलतो. रिकामी पुंगळी बाहेर पडते, नवं काडतूस आत जातं. एरवी उरलेला गॅस नळीच्या तोंडातून चटकन निघून जातो. सायलेन्सर त्याला कोंडतो. दाब जास्त वेळ टिकतो, मागे जास्त गॅस येतो, बोल्ट वेड्यासारखा धावतो. पुंगळी अजून चेंबरला घट्ट धरून असते आणि हा तिला हिसडा देतो. तिला ओढणारा आकडा, म्हणजे एक्स्ट्रॅक्टर, तुटेल नाही तर काय? म्हणून सायलेन्सर लावला की मागे येणारा गॅस कमी-जास्त करणारं रेग्युलेटर कमी करायचं.

"ये सब थिअरी है, सर," विजयकुमार महमूदांना म्हणाला.

मी सगळ्यांना बाहेर रेंजवर नेलं, तसलीच दुसरी रायफल घेतली, सायलेन्सर लावला, रेग्युलेटर उघडंच ठेवलं. पुंगळ्या लांब उडाल्या, डोळे चुरचुरले. चौथ्या गोळीला बोल्ट इतक्या घाईने पुढे आला की मॅगझिनमधलं काडतूस वर यायच्या आतच तो निघून गेला. चेंबर रिकामं. मग रेग्युलेटर कमी केलं. दहाच्या दहा गोळ्या सुटल्या, पुंगळ्या जवळच पडल्या.

विजयकुमार मोबाइल चाळत होता.

महमूद धनाजीकडे वळले. "तुमने देखा था, खुला है?"

नाही म्हण, मी मनात म्हणालो. नाही म्हटलं की सुटलास.

"देखा था, सर. रायफल के चेकिंग कार्ड पे विजयकुमार साहब का साइन था."

माझ्या अंगाची आग झाली. "सही होती म्हणून गप्प बसलास? सही कागदावर होती, गाढवा! रायफल अश्फाकच्या गालाला होती!"

"काका, फौजेत सायबाच्या सहीवर आपण बोलत नाय."

"ही फौज आहे? आणि फौजेत तरी कोणी तुला डोळे मिटून घ्यायला शिकवलं?"

महमूदांनी रिपोर्ट फाडला. नवा रिपोर्ट विजयकुमारने स्वतःच्या नावाने लिहायचा, धनाजीने आपण काय पाहिलं ते वेगळं लिहायचं. "धनाजी रहेगा. लेकिन फिर देख के चुप रहा, तो खलास."

अर्ध्या तासाने धनाजी कागद घेऊन आला. "काका, जरा तपासता का?"

मी हात पुढे केला नाही. राग उतरला नव्हता.

"तुझं तूच वाच. मोठ्याने. विजयकुमारसमोर."

तो विजयकुमारच्या टेबलापाशी गेला. पहिल्या ओळीला आवाज कापला, पण त्याने शेवटपर्यंत वाचलं.