शून्य फरक

कॅफिनचा रेणू पेशीवरच्या अ‍ॅडेनोसिन रिसेप्टरच्या खाचेत कसा बसेल, हे नव्या सहकाऱ्याच्या संगणकानं ओळखलं. प्रयोगात दिसलेल्या जागेशी फरक शून्य. माझ्या मनात पाल चुकचुकली.

"रेणू आधी बाहेर काढून उलटासुलटा फिरवलास का?" मी विचारलं. "की प्रयोगातल्या जागी बसलेलाच ठेवून प्रोग्रॅम चालवलास? म्हणजे उत्तर बघून गणित सोडवणं झालं."

तो गोरामोरा झाला. "मॅडम, फाइल तयारच मिळाली. मी फक्त चालवली."

"कुणी बनवली? बघतेच त्याच्याकडे."

त्यानं फाइलची माहिती उघडली आणि खुर्ची बाजूला सरकवली. बनवणाऱ्याच्या जागी माझं नाव होतं. तारीखही ओळखीची होती, माझा प्रबंध सादर होण्याच्या आदल्या आठवड्यातली.