सतरा नंबरची दहा मिनिटं

बत्तीस वर्षं मी परीक्षेच्या वर्गात पहारा दिला. बाकाखालची चिठ्ठी, बाहीतला कागद, खोकल्याची खूण, सगळं पकडलं. पोरं मला माघारी ‘घारबाई’ म्हणायची आणि खरं सांगते, मला ते आवडायचं. निवृत्त झाल्यावर घरात बसून भिंती किती बघणार? म्हणून ऑनलाइन परीक्षांवर नजर ठेवायचं काम धरलं. समोर एक स्क्रीन, त्यात तीस चौकोन, प्रत्येकात एक चेहरा. नाव नाही, नुसता नंबर.

त्या दिवशी प्रवेशपरीक्षा होती. वर्षातून एकदाच होणारी, एका तासाची. दहा मिनिटं झाली नाहीत तोच सतरा नंबरचा चौकोन लाल झाला. नजर पडद्यावरून हलली की यंत्र लाल दाखवतं. बघते तर एक मुलगी. कानात इयरफोन, मान खिडकीकडे, ओठ हलतायत. अगं बाई, म्हटलं, ही तर चक्क गप्पा मारत पेपर सोडवतेय!

मी ताकीद पाठवली. ‘पडद्याकडे बघा. इयरफोन काढा.’ ताकीद गेली की पेपर पाच मिनिटं गोठतो, तेवढीच अद्दल. घड्याळ मात्र चालूच राहतं. पोरगी ढिम्म. नुसती बटणं दाबत राहिली, एकामागून एक. गोठलेला पेपर परत सुरू झाला आणि मान परत खिडकीकडे! माझ्या डोक्यात तिडीकच गेली. चोर तो चोर, वर शिरजोर! दिली दुसरी ताकीद. आणखी पाच मिनिटं.

तिसऱ्या ताकिदीला पेपर कायमचा बंद होतो. म्हणजे वर्ष गेलं.

मागच्या टेबलावरचे साहेब, वयानं माझ्या धाकट्या लेकाएवढे, खुर्चीसकट सरकत आले. “बाई, सतरा अजून लालच आहे. बंद करा.”

“करते. आधी तोंडी समज द्यायची असते ना?” नियमच होता तसा. आणि खोटं कशाला बोलू, पकडलेल्यांच्या सबबी ऐकायला मला मजा यायची.

फक्त तिला ऐकू जाईल असा माइक चालू केला. “सतरा नंबर! दोनदा सांगितलंय. तो इयरफोन काढ आधी.”

मुलगी केवढी दचकली. “कोण? दोनदा काय सांगितलंत?”

“समोर एवढ्या मोठ्या लाल अक्षरांत आलंय. माझे केस काही उन्हानं पांढरे झालेले नाहीत. काढ ते कानातलं.”

“काढते, पण...” तिचा हात इयरफोनपाशी थांबला. “काढलं तर पेपर कसा वाचू, बाई? मला दिसत नाही. कॉम्प्युटर कानात वाचून दाखवतो. तुमची लाल अक्षरं त्यानं वाचलीच नाहीत.”

आता मी तिच्याकडे नीट बघितलं. डोळे उघडे होते, पण कशावरच ठरत नव्हते. हे कुणालाही कळलं असतं. मला कळलं नाही, कारण मी चोर शोधत होते.

“फॉर्ममध्ये लिहिलं होतं,” ती म्हणाली. “तीन ठिकाणी.”

तो फॉर्म आमच्यापर्यंत येतच नाही.

“असं कुणीही म्हणेल, बाई,” साहेब कुजबुजले. “लाल म्हणजे लाल. वरून मला विचारतील. माझ्या हातात काही नाही.”

“अहो, बटणावर बोट माझं आहे, तुमच्या हातात कसं असेल? घाला माझ्या नावावर.”

“काम जाईल तुमचं.”

“गेलं तर गेलं. भिंती आहेत की बघायला.”

यंत्र दर मिनिटाला विचारायचं, ‘पेपर बंद करायचा?’ आणि मी दर मिनिटाला ‘नाही’ दाबायचे. एकदा बोट ‘हो’वर जाता जाता राहिलं.

“बाई, वेळ किती उरलाय? घड्याळपण वाचत नाही हे.”

“बत्तीस मिनिटं. मी सांगत जाईन. तू लिही, बाळ.”

बोटं धावायला लागली तिची. वीस, म्हटलं. दहा. पाच. बाकीच्या एकोणतीस जणांनी तेवढ्यात काय दिवे लावले, देव जाणे. एक, म्हटलं, आणि पेपर आपोआप बंद झाला.

“आठ प्रश्न राहिले,” ती म्हणाली. “येत होते मला. मध्ये दोनदा मशीन अडकलं हो, सगळी बटणं दाबून बघितली. तुम्ही होतात म्हणून एवढं तरी झालं. थँक यू, बाई.”

साहेबांनी माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं. गप्प बसणं सोपं होतं. तिला कधीच कळलं नसतं.

“मशीन अडकलं नव्हतं,” मी म्हटलं. “तुझी दहा मिनिटं मी खाल्ली. कॉपी करतेस असं वाटलं मला. दोन्ही वेळा मीच थांबवलं तुला.”

तिनं कीबोर्ड बाजूला सारला. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

“हे लिहून द्याल?” तिनं विचारलं.

“देते. आत्ता देते. सहीनिशी.”

“टाइप करून द्या, बाई. कागदावर लिहून फोटो पाठवू नका. मला वाचता येणार नाही.”

मी हातातलं पेन खाली ठेवलं.