उत्तररंगाआधीचा हार

या, जवळ सरका, सतरंजीवर जागा आहे. एका हाराची गोष्ट ऐका. झेंडूचाच हार, पण पेलायला फार जड.

माघाची कलती दुपार. गोदाकाठचा शाळू पिवळाधमक पिकलेला, आणि तसंच पिवळं, मधुमंद ऊन दगडी ख्रिस्तमंदिराच्या कमानीतून आत ओघळलेलं. हंगामाचा सण होता. वेदीपाशी कणसांच्या पेंढ्या, तांबडे भोपळे, हरभऱ्याचे हिरवे डहाळे. आणि त्या धान्यगंधित शांततेत गळ्यात वीणा घालून उभा होता बर्नबाबुवा.

कीर्तनाचा विषय होता कृपा. न कमावलेली, न मागितलेली, अपात्राच्या ओंजळीत आपसूक उतरणारी कृपा. बुवा गात होता, मृदंग घुमत होता, बाया पदरानं डोळे टिपत होत्या. बुवाची नजर मात्र शेवटचा खांब चुकवीत होती.

त्या खांबाशी ओबेद आबा बसत. सात वर्षांपूर्वी ही वीणा त्यांची होती. काय तो गळा! मेघगंभीर, करुणार्द्र, कातळाला पाझर फोडणारा. साथीला बसणारा बर्नबा त्या गळ्यावर जळायचा. जळता जळता एकदा मंडळीच्या पंचांच्या कानाशी लागला, की आबा कीर्तनाला उभे राहतात तेव्हा तोंडाला दारूचा वास येतो. खोटं. निखळ, निर्लज्ज खोटं. पंचांनी वीणा काढून घेतली. टवाळांनी आबांचं नाव 'द्राक्षारस आबा' पाडलं. आबा गायचे थांबले, घरातसुद्धा.

पूर्वरंग सरला. आता रीतीप्रमाणे मंडळीतल्या सर्वांत ज्येष्ठानं बुवाला हार घालायचा, मग उत्तररंग. थोरले पंच गेल्याच महिन्यात प्रभूत निजले होते. मान आबांकडे आला होता.

पिवळ्या उन्हातून पिवळा हार घेऊन आबा आले. सावकाश, काठी टेकीत.

"नको, आबा," बर्नबा पुटपुटला. "तो वास... मी खोटं सांगितलं होतं."

"ठाऊक आहे रे. तेव्हापासून ठाऊक आहे. मान वाकव जरा, माझा हात पुरत नाही."

मान वाकली. हार पडला. शिवी दिली असती तर सोसली असती त्यानं, थोबाडीत मारली असती तरी हलकं वाटलं असतं. ही फुलं मात्र छातीवर निखाऱ्यांसारखी धगधगत राहिली.

उत्तररंगाला, शिष्य पेत्रानं भीतीपोटी प्रभूची ओळख नाकारल्याचं आख्यान ठरलं होतं. पेटीवाल्यानं सूर धरला. बुवानं पेत्राचं नाव घेतलंच नाही, स्वतःचं घेतलं. ना चाल, ना यमक. तुटक शब्दांत ती जुनी कुजबुज त्यानं भर मंडळीत मोठ्यानं सांगितली, आणि वीणा उतरवून आबांच्या हाती दिली.

आबांनी तार छेडली. तोंड उघडलं. सूर आला नाही. नुसता वारा आला, पाचोळ्यातून यावा तसा.

आबा हसले. वीणा त्यांनी परत बर्नबाच्या गळ्यात अडकवली.

"तू गा," म्हणाले, "मी टाळ धरतो."

बर्नबा गायला. रडत गायला, बेसूर गायला, आणि त्या हरवलेल्या गळ्याचं ओझं जन्मभर वाहत गातच राहिला.

तेव्हा बाबांनो, बायांनो, आज प्रार्थनेला गुडघे टेकाल तेव्हा ओबेद आबांची आठवण ठेवा. त्यांचा सूर परत आला नाही. त्यांचे टाळ मात्र, ज्यानं तो हिरावला त्याच्याच पाठीशी, मंद, मंद, मंद वाजत राहिले.