चिखल्याचं तोंड

चिखल्या पहिल्यांदा वर आला तो मुर्ध्याच्या खाडीत, ओहोटीला, भर दुपारी. सिनेमात ती अमावास्येची रात्र होती. पण रात्री शूटिंग करायचं म्हणजे मोठे दिवे आले, जनरेटर आला, आणि अभिनवची तेवढी ऐपत नव्हती. दिवसा चित्रण उरकायचं आणि मग कॉम्प्युटरवर सगळं निळं-काळं करून टाकायचं, असा त्याचा बेत होता. अभिनव आजवर लग्नांचे व्हिडिओ काढत आलेला. नवरीचे डोळे भरून आले की कॅमेरा कुठे न्यायचा हे तो झोपेतही सांगू शकला असता, पण राक्षसाशी त्याची ही पहिलीच गाठ होती. सिनेमाचं नाव ‘चिखल्या’. तिवरं तोडून बंगले बांधणाऱ्या बिल्डरला आणि त्याच्या पाहुण्यांना खाजणातला राक्षस एकेक करून ओढून नेतो, एवढीच गोष्ट. त्यात फारसा दम नव्हता, पण तिवरं फुकट होती आणि चिखलही फुकट होता.

तर चिखल हलला, बुडबुडे आले, आधी टाळू दिसली, मग कपाळ, मग अख्खं डोकं वर आलं. युनिटमधली पोरं खूश होऊन शिट्ट्या मारायला लागली. मॉनिटरजवळ उभ्या असलेल्या पंचशीलाला मात्र हसू आलं नाही. मुखवटा तिनंच बनवलेला होता, त्यामुळे तिला भीती वाटायचं काही कारण नव्हतं. पण चिखल ओघळला आणि राक्षसाच्या ओठाचा डावा कोपरा उघडा पडला. किंचित वर ओढलेला, हसू दाबून धरल्यासारखा. तो तिच्या नवऱ्याचा ओठ होता, आणि तिचा नवरा उदय कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेला होता.

“ताई, काय फेस बनवलायस,” अभिनव म्हणाला. “हसतोय असं वाटतं. त्यानंच जास्त फाटते.”

आता हे झालं कसं, ते सांगायला हवं. पंचशीला मीरा रोडला सिल्व्हर पार्कमध्ये सासूबरोबर राहायची. लग्नातल्या नवरींच्या मेकअपवर घर चालायचं, पण मुखवटे हे तिचं खरं वेड. लग्न झाल्यावर तिनं त्याचा क्लास लावला, तेव्हा सरावासाठी तिला एक चेहरा हवा होता आणि घरात एकच माणूस हाताशी होता. दातांचे डॉक्टर वापरतात ती पावडर कालवून चेहऱ्यावर थापायची, वरून प्लास्टरच्या ओल्या पट्ट्या लावायच्या, श्वासापुरत्या नाकात दोन स्ट्रॉ ठेवायच्या, आणि सुकेपर्यंत माणसानं हलायचं नाही. उदयला नेमकं तेव्हाच हसू फुटलं. त्यानं ते दाबलं खरं, पण ओठाच्या डाव्या कोपऱ्यानं दगा दिला. त्या साच्यात प्लास्टर ओतल्यावर जो चेहरा निघाला, तो मिटल्या डोळ्यांनी हसू आवरणारा निघाला. पंचशीला चिडली. तो म्हणाला, “आता आयुष्यभर हेच थोबाड सहन कर.” पुढे तो चेहरा जुन्या साडीत गुंडाळून कपाटावर गेला.

उदय मात्र इस्पितळातून आला तो पिशवीत बंद होऊन. वैजयंताबाई, त्याची आई, स्मशानाच्या फाटकाशी बसून राहिली होती, एकदा तोंड दाखवा म्हणून. कोणाला दाखवता येत नव्हतं, तिलाही दाखवलं नाही. पाया पडून झालं, विनवून झालं, पिशवी आत गेली. शेवटचं तोंड बघायला मिळालं नाही की माणूस गेला हे डोक्याला समजतं, बाकीचं अंग ते मानायला तयार होत नाही. त्या घरात सासू-सुना दोघी तशाच राहत होत्या, दाराची बेल वाजली की एकदम मान वर करत.

खरं तर मुखवटा ज्याच्या तोंडावर चढायचा, त्याच्याच चेहऱ्याचा साचा घ्यायचा असतो. चिखल्याचं सोंग घेणारा बंटी हा जिममध्ये वाढलेला दणकट पोरगा, पण चेहऱ्यावर ओली पावडर चढली तसा तो घाबराघुबरा झाला आणि सगळं ओरबाडून उठला. शूटिंग तोंडावर आलेलं. पंचशीलानं कपाटावरचं गाठोडं खाली काढलं. वर माती थापली की खाली कोण आहे हे कोणाला कळणार, असं तिनं स्वतःला बजावलं. तिचं चुकलं ते इथे. माती काढून तिच्या जागी पुढे रबर ओतायचं असतं, आणि रबर बेताचं होतं, म्हणून मातीचा थर पातळ ठेवावा लागला. तिनं खवले केले, गाठी केल्या, कपाळावर शिंपल्यांच्या खुणा उठवल्या, पण अंगठा दर वेळी ओळखीच्याच वाटेनं फिरला. रबर ओतून झाल्यावर वरचा साचा सोडवताना आतलं प्लास्टर अडकलं आणि फुटलं. या कामात ते फुटतंच, आणि हे तिला आधीपासून ठाऊक होतं. तुकडे तिनं वेचून घेतले, पण त्यांतून आता माणूस जुळत नव्हता. उदयचा चेहरा म्हणून जे काही जगात उरलं होतं, ते राक्षसाच्या कातडीवर होतं.

बंटीचं डोकं उदयपेक्षा लहान. मुखवटा त्याला ढगळ व्हायचा. दुसऱ्या दिवशी तो चिखलातून बाहेर आला आणि मुखवटा काढून लांब जाऊन बसला.

“ताई, आत कोणीतरी श्वास घेतंय. कसम से. मी थांबवतो तरी तो घेतोच.”

“तुझाच घुमत असेल रे. मध्ये जागा आहे ना,” पंचशीला म्हणाली.

“माझा मला कळतो.”

अभिनवला यातलं फक्त आवाजाचं महत्त्व कळलं. त्यानं मुखवट्यात छोटा माइक चिकटवला, एक शॉट घेतला, आणि मोठ्या कौतुकानं हेडफोन पंचशीलाच्या कानाला लावले. आत एक लांब, ओढून घेतलेला श्वास होता. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा तसाच, मध्येच अडकणारा. इस्पितळातून उदयचा शेवटचा फोन आला होता तेव्हा त्याला बोलता येत नव्हतं, फोन कानाला लावून पंचशीलानं आणि सासूनं जे ऐकलं होतं ते हेच. तिनं हेडफोन काढून अभिनवच्या हातात दिले. चांगलं आहे, एवढंच म्हणाली, आणि रिक्षा करून घरी निघून गेली.

मुखवटा रोज घरी न्यावा लागायचा, कारण चिखलानं रबर उकलायचं आणि ते सांधावं लागायचं. चढवून ठेवायला प्लास्टरचा चेहरा उरला नव्हता, म्हणून ती तो स्वयंपाकघरात उपड्या कळशीवर चढवून ठेवी. पहिल्या दिवशी वैजयंताबाईनं नाक मुरडलं होतं. “असलं ध्यान घरात कामून आणलंस माय,” म्हणून तिनं त्यावर टॉवेल टाकला होता. हेडफोनच्या प्रकारानंतरच्या सकाळी पंचशीला उठून आली, तर टॉवेल खाली पडलेला आणि सासू कळशी मांडीवर घेऊन बसलेली. ओल्या फडक्यानं ती मुखवट्याच्या कानामागचा चिखल पुसत होती, अगदी हलक्या हातानं.

“आत्या, राहू द्या. मी करते.”

“कानामागं तसाच ठिवलास,” म्हातारी म्हणाली. “मला सांगितलं कामून न्हाईस?”

पंचशीला खाली बसली. “मला वाटलं ओळखू येणार नाही.”

“आईला येत न्हाई व्हय?”

त्या दिवसापासून घराची तऱ्हाच बदलली. वैजयंताबाई टीव्हीचा आवाज बारीक करायला लागली. कळशी ती दुपारी खिडकीकडे तोंड करून ठेवायची आणि गावाकडून, परभणीकडून, फोन आला की कोणाची सोयरीक जमली, कोणाची म्हैस व्याली हे सगळं त्या खवल्यांच्या तोंडाला सांगायची. संध्याकाळी बुद्धमूर्तीसमोर मेणबत्ती लावली की एक कळशीजवळही लागे. पंचशीलानं हे थांबवायला हवं होतं. तिला ते थांबवायचंच नव्हतं, हे खरं. शूटिंगवरून परतताना ती जिने भराभर चढायची, आणि दार उघडलं की तिची नजर आधी तिकडेच जायची. सेटवर एका पोरानं मुखवटा कानाला धरून उचलला, तर ती त्याच्या अंगावर धावून गेली. इतकं काय झालं, हे त्या बिचाऱ्याला कळलंच नाही.

खिडकीतून खाडीचा वारा आला की तो मुखवट्याच्या नाकपुड्यांतून आत शिरायचा आणि कळशी घुमायची. लांब श्वास ओढल्यासारखी, मध्येच अडकत. पंचशीला खिडकी लावून घ्यायची. वैजयंताबाई मात्र जवळ बसून पदरानं वारा घालत राहायची.

चित्रण संपत आलं तेव्हा अभिनवनं बातमी दिली की शेवट बदललाय. आधी चिखल्या खाजणात बुडून जाणार होता, आता त्याला जाळायचं होतं. ट्रेलरमध्ये आग पाहिजे, असं म्हणे. बंद पडलेल्या मिठागराच्या कोरड्या जमिनीवर लाकडं रचायची, पेंढ्याचं धड ठेवायचं आणि वर खरा मुखवटा.

“मी दुसरं डोकं करून देते,” पंचशीला म्हणाली.

“अगं क्लोजअप आहे. हाच पाहिजे. आणि शेवटचाच दिवस आहे, आता जपून काय करणार?”

मुखवटा पिशवीत घालून ती घरी आली, फोन बंद केला, दाराला कडी घातली. सिनेमा बुडाला तर बुडू दे, पैसे गेले तर जाऊ देत. एकदा माणूस नेला, आता त्याचं तोंड न्यायला आलेत, असं तिच्या मनात घोळत राहिलं. सासूला हे सांगताना तिचा आवाज चढला होता. म्हातारी तिच्या बाजूनं उभी राहील याबद्दल तिला शंका नव्हती.

वैजयंताबाईनं सगळं ऐकून घेतलं. वारा होता, आणि नाकपुड्यांतून तो आवाज येत होता.

“दम लागतोय गं त्याला,” ती म्हणाली. “फोनवर लागला व्हता तसाच. आपण दोघींनी त्याला तिथंच धरून ठिवलाय.”

“वारा आहे आत्या तो.”

“आसंल वारा. मला रोज ऐकू येतंय.” तिनं पदर आवरला. “ने त्याला. जळू दे.”

“आत्या, एवढंच राहिलंय आपल्याकडं. फोटोत तो असा नाही दिसत. असा कशातच नाही.”

“मला ठावं हाय. पर मला त्याचं तोंड बगायचं व्हतं, ते बगून झालं. पोटभर बगितलं. तू बी बगून घे माय. मंग जाऊ.”

पंचशीला रडली, ओरडली, एकदा तर उठून मुखवटा छातीशी धरून आतल्या खोलीत जाऊन बसली. म्हातारी मागे गेली नाही. खोलीत पंचशीलानं खवल्यांवरून, गाठींवरून बोटं फिरवली. बोटं ओठापाशी आली तेव्हा तिला पहिल्यांदा कळलं की इतके दिवस ती हे तोंड चोरून बघत होती, राक्षसाचं निमित्त करून. आता तिनं ते समोर धरलं आणि निमित्ताशिवाय बघितलं. मग तिनं फोन चालू केला.

मुर्ध्याला दोघी आल्या त्या पांढऱ्या साड्या नेसून. पोरांनी एकमेकांकडे बघितलं, पण विचारलं कोणी नाही. मुखवटा पंचशीलानंच पेंढ्याच्या धडावर बसवला. गोष्टीत नायिका चिखल्याला पेटवते, पण तिचा पलिता घेतलेला शॉट आधीच झाला होता. आता फक्त एक हात पडद्यावर दिसायचा होता.

“हात माझा घे,” पंचशीला म्हणाली.

अभिनवला काय फरक पडत होता. त्यानं कॅमेरा लावला. पंचशीलानं पलिता पुढे केला आणि लाकडांपासून वीतभर अंतरावर तसाच धरून ठेवला. तेवढ्यात कॅमेऱ्याच्या बाहेरून वैजयंताबाईनं तिचं कोपर घट्ट धरलं. पलिता लाकडांना लागला. म्हातारी पुटपुटत होती, बुद्धं सरणं गच्छामि, धम्मं सरणं गच्छामि. आवाज नंतर भरायचा असल्यामुळे कोणी तिला अडवलं नाही.

रबर आधी चमकलं, मग खवले गळाले, गाठी गळाल्या. पंचशीलानं जे जे वरून थापलं होतं ते सगळं वितळून गेलं, आणि एका क्षणापुरता खाली नुसता उदय राहिला, मिटल्या डोळ्यांचा, हसू आवरत असलेला. नंतर तोही गेला. दोघींनी नजर हटवली नाही. अभिनव कॅमेऱ्यामागून म्हणाला, “बाप रे.”

पण शेवटी तो सिनेमावालाच. आग बसत आली तसा तो बंटीला हाक मारायला लागला. असल्या सिनेमात शेवटी राखेतून एक हात वर यावा लागतो, म्हणजे पुढचा भाग काढायची सोय राहते. बंटी राक्षसाचे रबरी पंजे चढवून तयारच होता. “ताई, जरा राख सारशील का? हात वर येऊ दे हळूच.”

पंचशीला बंटीपाशी गेली. तिनं त्याच्या हातांतले पंजे एकामागून एक ओढून काढले आणि निखाऱ्यांत टाकले.

“तो आता येणार नाही,” ती म्हणाली.

अभिनवनं तोंड उघडलं, पण मिठागराच्या बांधावर बसून म्हातारी रडत होती, उदय गेल्यापासून पहिल्यांदा मोठ्यानं, आणि त्यानं कॅमेरा बंद केला.