आईच्या दगडावरची आयव्ही

आता कोणी येत नाही, पण तेव्हा आमच्या डोंगरात मे महिना आला की थडगी साफ करायला गावभर माणसं जमायची. शनिवारी वेली-गवत काढायचं, रविवारी फुलं वाहायची. डेट्रॉइटच्या कारखान्यांत गेलेली पोरंही झक मारत घरी यायची. काय दिवस होते!

त्या वर्षी माझा भाऊ डेल्बर्ट आला. आईच्या मातीला तो पोचला नव्हता, रजा मिळाली नाही म्हणे. तेव्हापासून डॅडींनी त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. जेवायला समोरासमोर बसून मला सांगायचे, "ओपल, त्याला म्हणावं, मक्याची भाकरी घे." तो परत जायच्या आत या दोघांनी एकदा तरी बोलावं, एवढंच मला हवं होतं.

आईच्या दगडावर वेल चढली होती. डेल्बर्ट ती नुसत्या हातांनी ओरबाडू लागला.

"अरे मेल्या, विषारी आयव्ही आहे ती, अंगभर फोड उठतील! मधल्या पानाचा देठ बघ केवढा लांब."

"जा गं, पाच पानांची साधी वेल आहे."

"मोज की, तीनच पानं आहेत! शहरात जाऊन तीनपर्यंतचे आकडेही विसरलास?"

त्यानं मोजली नाहीत. उपटत राहिला, शर्टाच्या बाहीनं डोळे पुसत. डॅडी लांबून बघत होते. मला दोघांचाही संताप आला.

सोमवारी पहाटे त्याला निघायचं होतं, तर डोळे सुजून बंद. हातांवर वेल घासली तिथं तिथं फोडांच्या रांगा. शेजारीपाजारी दारातूनच पळाले.

मिस टर्पिन नर्सबाई आल्या आणि त्यांनी मलाच झापलं. "त्याला खुशाल हात लावा. फोडांतल्या पाण्यानं कुणाला काही होत नाही. लागतो तो वेलीचा चीक. लगेच साबणानं धुतला असता तर एवढा उतला नसता. आणि तो शर्ट उघड्या हातांनी धुऊ नका, चीक त्यावर बसलाय."

मी शर्ट काठीनं उचलून कोठारात टाकला.

आठवड्याअखेर डेल्बर्टला बरं वाटलं. निघायच्या सकाळी त्यानं बॅग उघडली, तर तोच शर्ट वर, धुऊन, नीट घडी घातलेला. मी डॅडींकडे बघितलं. एवढ्या उकाड्यात बाह्यांची बटणं लावलेली. मी बाही वर सारली. मनगटापासून कोपरापर्यंत फोड.

"गवत कापताना झालं," ते मला म्हणाले.

डेल्बर्टनं त्यांचा हात धरला. "डॅडी, हातमोजे तरी घालायचे."

डॅडींनी माझ्याकडे बघितलंच नाही. त्याच्याकडे बघून म्हणाले, "तुझे कपडे धुताना तुझी आई घालायची का रे?"

मी चुलीकडे तोंड फिरवलं आणि ढसाढसा रडले.