बंद केलेली गोळी

हेतल डॉक्टरांनी दिनानाथांचं प्रेशर आधी बसवून मोजलं, मग उभं करून मोजलं आणि दोन गोळ्यांपैकी सकाळची गोळी बंद करायला सांगितली. उभं राहिलं की प्रेशर एकदम उतरत होतं. म्हणूनच मागच्या आठवड्यात खालच्या फळीवरचं पुस्तक काढून उठताना ते भिंत धरून खाली बसले होते.

"वय वाढलं, वजन उतरलं, आता एवढं औषध जास्त होतंय असं दिसतं, काका. पण हे आपण बघत बघत करायचं. रोज सकाळी मशीनवर मोजा, पंधरा दिवसांनी या. वर गेलं तर पुन्हा सुरू करू. रात्रीची मात्र चालूच."

त्यांची बायको दमयंतीबाई शेजारच्या खुर्चीत पिशवी मांडीवर घट्ट धरून बसली होती.  दमयंतीबाई बोलल्या त्या रिक्षात.

"गणूनं पन बंदच केली व्हती."

गणू त्यांचा उरणचा भाऊ. बरं वाटतंय म्हणून त्यानं प्रेशरच्या गोळ्या आपल्या मनानं सोडल्या आणि एका सकाळी मासळी उतरवता उतरवता कोसळला. आता उजवा हात डाव्या हातानं उचलून मांडीवर ठेवतो आणि दिवसभर ओट्यावर बसून असतो.

"गणूनं कुणाला विचारलं नव्हतं," दिनानाथ म्हणाले.

"तुमी लय विचारता. पुस्तकाला पन विचारता. मंग पडलात कशाला?"

 वाद घालताना दिनानाथांना नेहमीच समोरच्याचं पटत जाई.

गोळी बंद झाली, पण चक्कर काही थांबेना. मशीनवरचे आकडेही पहिल्यासारखेच. आठवडा उलटला तेव्हा चष्म्याचं फडकं शोधताना त्यांनी फ्रिजवरचा औषधांचा डबा उघडला. सकाळच्या गोळीची पट्टी जवळपास भरलेली त्यांनी स्वतः ठेवली होती. ती अर्धी रिकामी होती.

त्यांनी पट्टीतली रिकामी घरं बोटानं मोजली. म्हणजे आपण गोळी घेतोय. इतक्या वर्षांची सवय. हात आपोआप डब्याकडे जात असणार आणि आपल्याला त्याचा पत्ताही नाही. जन्म वाचनालयाच्या नोकरीत काढलेला हा माणूस. कुठलं पुस्तक कुठल्या कपाटात, कुठल्या फळीवर, हे तो जागचा न उठता सांगायचा. स्वतःबद्दल खात्री वाटावी अशी तेवढीच एक गोष्ट त्यांच्यापाशी होती. तीही आता चालली.

पट्टी पुस्तकांमागे दडवून बघावी, असं मनात आलं. पण दडवली आणि दडवल्याचंच विसरलो तर? पट्टी पुन्हा डब्यात गेली.

दोन दिवस त्यांनी हे मनात घोळवलं. वाचायला घेतलेलं पान ते पुनःपुन्हा वाचत आणि मागचं आठवतं का ते तपासत. शेवटी सकाळी दमयंतीबाईंनी पेजेची वाटी समोर ठेवली, तेव्हा वाटीकडेच बघत ते म्हणाले, "दमे, मला काहीतरी होतंय. मी गोळी घेतो आणि घेतल्याचं मला आठवत नाही. आता कपाटाची किल्ली, बँकेचं सगळं तूच बघ. पुढे मी तुलाही..."

वाक्य पुरं झालं नाही. दमयंतीबाई पदराला हात पुसत उभ्या होत्या, त्या आत गेल्या. परत आल्या त्या वेलचीचा छोटा खलबत्ता घेऊन. त्यांनी तो टेबलावर ठेवला. तळाशी पांढरी भुकटी चिकटलेली होती.

"तुमचं डोकं जाग्यावर हाय," त्या म्हणाल्या. "मीच देते. पेजेतून."

दिनानाथांना आधी इतकं हलकं वाटलं की ते हसलेच. राग नंतर आला, आणि आला तेव्हाही आवाज चढेना.

"मी खाली बसत होतो, भिंत धरत होतो, ते तुला दिसत नव्हतं?"

"दिसत व्हतं." त्या खुर्चीवर टेकल्या. "चक्कर आली तर मी धरीन, मला धरता येतं. गणूला झालं तसं झालं तर मी काय धरू?"

खाली शाळेची गाडी हॉर्न देऊन गेली. दिनानाथांनी वाटी बाजूला सारली आणि फोन जवळ ओढला. फोनवर बोलायचा त्यांना नेहमी संकोच. पण डॉक्टरांचा नंबर त्यांनीच लावला आणि फोन दमयंतीबाईंच्या हातात दिला. "मला सांगितलंस ते त्यांना सांग. गणूचंही सांग."

हेतल डॉक्टर रागावल्या नसाव्यात, कारण दमयंतीबाई बराच वेळ नुसतं "हां, हां" म्हणत होत्या. मग म्हणाल्या, "पन बाय, वर गेलं तर?" आणि ऐकत राहिल्या. फोन ठेवून त्यांनी सांगितलं, "पंधरा दिस आजपासनं नव्यानं मोजायचे. मशीन मी लावायची. आकडा वर गेला तर मीच फोन करायचा. तुमी नाय."

"बरं," दिनानाथ म्हणाले.

दुसऱ्या सकाळी दमयंतीबाईंनी दिनानाथांच्या दंडाला मशीनचा पट्टा इतका आवळला की ते ओय म्हणाले. आकडा बघून त्यांनी मशीन आवरून ठेवली. म्हणजे तो बरा होता. मग पेज आली. वाटी पुढे सरकवण्याआधी दमयंतीबाईंनी त्यातला एक चमचा स्वतः खाल्ला, त्यांच्या डोळ्यांदेखत, आणि मग वाटी दिली.

दिनानाथांनी घास घेतला. "मीठ घालायला विसरलीस."

"विसरले नाय," मिठागरावर वाढलेली ती बाई म्हणाली.

पेज संपवून ते हळूच उठले. भिंत हाताशी होती. तिला हात लावायची पाळी आली नाही. तरी दमयंतीबाई एक हात पुढे करून तिथेच उभ्या होत्या.