भुंगा, चतुर आणि अर्ध्या तासाचं पाणी

फलजच्या, म्हणजे गावाच्या सामाईक पाण्याच्या, पाटावर मुहन्नाकाकांची पाळी आठ दिवसांतून एकदा, अर्ध्या तासाची. मशिदीमागच्या मोकळ्या जागेत रोवलेल्या काठीची सावली तिसऱ्या दगडाला टेकली की ती सुरू होते. या खेपेला काकांनी रुस्ताकहून आणलेले खजुराचे अकरा फुटवे लावले होते. हे पाणी हुकलं असतं तर ते पुढच्या पाळीपर्यंत टिकले नसते. म्हणून काका वेळेआधीच दारं धरायला येऊन बसले.

आधीची पाळी मुसब्बहची. काकांनी दार उघडेपर्यंत पाणी त्याच्याच लसूणघासात जात राहणार, आणि त्यावर तक्रार चालत नाही. ज्याची पाळी, त्याने सावली बघायची.

माझी पाळी काकांनंतर. तिथे बसल्या बसल्या दोन शिकारी दिसले. ओल्या काठावर एक हिरवा भुंगा मुंग्यांमागे पळत होता आणि पाण्यावर एक चतुर घिरट्या घालत होता.

"बाई, तुम्ही पोरींना विज्ञान शिकवता," मुसब्बह म्हणाला. "यातला खरा शिकारी कोण?"

काका भुंग्याच्या बाजूने, तो चतुराच्या. मी थोडक्यात सांगायला हवं होतं, पण वर्गात इतक्या आवडीने कोणी विचारत नाही. भुंगा इतक्या वेगाने पळतो की पळताना त्याला समोरचं दिसेनासं होतं. मग थांबायचं, भक्ष्य पुन्हा शोधायचं, पुन्हा पळायचं. चतुर पाठलाग करत नाही. डास कुठे निघालाय ते बघतो आणि तिथे आधीच पोचतो. सहसा चुकत नाही.

काकांना पटेना. मग आम्ही वाकून मोजायला लागलो. भुंग्याच्या सहा धावांत एक मुंगी.

"काका, पळताना आंधळा होणारा आमच्या ओळखीतलाच वाटतो," मुसब्बह म्हणाला.

काकांनी मान वर केली. सावली दगडापुढे चार बोटं गेली होती. ते धावले, फावड्यासाठी मागे फिरले, पुन्हा धावले.

दार उघडलं तोवर दहा मिनिटं गेली होती. "मी फक्त प्रश्न विचारला," मुसब्बह म्हणाला.

सावली चौथ्या दगडाला लागली तेव्हा तीन फुटवे कोरडेच होते. मी बसून राहिले.

"बाई, तुमची पाळी सुरू झाली की," मुसब्बहने आठवण करून दिली.

"हो का? मी भुंगा बघत होते."

अकरावं आळं भरल्यावर मी उठले. माझ्या लिंबांना त्या आठवड्यात जरा कमीच मिळालं.